अमानतीचे कूलर

इस्माईलभाईंना पहिला संशय आला तो पोस्टमनचा. रजिस्टरचं पाकीट हातात देताना तो हसला होता. आता वाशिमजवळच्या मालेगावचा हा पोस्टमन सगळ्यांकडेच पाहून हसतो, त्याच्या पुढच्या दातांची ठेवणच तशी आहे, हे इस्माईलभाईंना चांगलं माहीत होतं. पण त्या दिवशीचं हसू त्यांना वेगळं वाटलं. आत काय आहे ते याला माहीत असणार, आणि याला माहीत असेल तर बस स्टँडपर्यंत सगळ्यांना माहीत असणार, असा हिशेब बांधून त्यांनी ते पाकीट न उघडता तांदळाच्या डब्यामागे सरकवून दिलं.

पाकीट उघडलं ते त्यांच्या लेकीनं. अर्शिया बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि बापाची कुठलीही गोष्ट उघडायला घाबरत नव्हती. कागद विक्रीकर खात्याचा होता. जीएसटी यायच्या आधीच्या एका वर्षाचा विक्रीकर भरलेला दिसत नाही, त्यावर व्याज, त्यावर दंड, आणि हे सारं भरलं नाही तर कायद्याप्रमाणे वसुली होईल, असा त्यातला मजकूर. त्या वर्षाचे कागद भरायचं काम ज्या सल्लागाराकडे होतं, ते गृहस्थ आता मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

इस्माईलभाईंनी तो कागद खिडकीतल्या उजेडात धरला, उलटा केला, वास घेतला. मग हा कागद खोटा आहे असा निकाल दिला. हल्ली रोज मोबाईलवर कुणीतरी वीज तोडायची धमकी देतं, कुणी लॉटरी लागल्याचं सांगतं, त्यातलाच हा प्रकार. पुरावा काय, तर शिक्का. शिक्का फारच साफ उमटला होता. सरकारी शिक्का इतका साफ उमटत नसतो, त्यातलं निम्मं ऑफिस नेहमी कागदाबाहेर राहतं, असं त्यांचं म्हणणं.

अर्शियानं दोन दिवसांत चौकशी करून सांगितलं, की कागद खरा आहे. घाबरायचं कारण नाही, मार्ग आहेत, आणि सरकारनं जुन्या थकबाकीसाठी अभय योजनाही काढली आहे. वाशिमला ऑफिसात जाऊन विचारलं पाहिजे. ‘अभय’ हा शब्द ऐकून तर इस्माईलभाईंची उरलीसुरली शंकाही फिटली. सरकार आणि अभय? शंभर उंदीर खाऊन मांजर हजला निघालं, म्हणाले. आपण गेलो की दार बाहेरून लावून घेतील.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ही, आणि ते इस्माईलभाईंनाही कळत होतं. त्यांचं दुकान कूलरचं. पत्रा कापायचा, ठोकायचा, रंगवायचा, आत पंखा-मोटार आणि पाण्याचा पंप बसवायचा, तिन्ही जाळ्यांत गवत भरायचं आणि विकायचं. वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत माणूस एक वेळ उपाशी राहील, पण कूलरशिवाय नाही राहणार. त्या दोन महिन्यांच्या विक्रीवर घर बारा महिने चालायचं. हिवाळाभर खपून त्यांनी वीसेक कूलर तयार करून ठेवले होते आणि गिऱ्हाईक नुकतंच सुरू होत होतं. नेमका हा माल जप्त झाला, तर पावसाळ्यात चूल कशी पेटवायची हा प्रश्न होता. रात्री त्यांना झोप लागेना.

त्यातून चुगली कुणी केली, हा दुसरा किडा डोक्यात शिरला. इतक्या वर्षांनी सरकारला आपली आठवण आपोआप येते? कुणीतरी करून दिली असणार. इस्माईलभाईंनी मनातल्या मनात सगळं मालेगाव चाळून काढलं आणि चाळणीत शेवटी एकच माणूस राहिला, शेजारचे रामराव.

रामराव म्हणजे निवृत्त तलाठी. दुकानाला लागूनच त्यांचं घर. पाकीट आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी ओट्यावरून सल्ला दिला होता, की इस्माईल, कागद आला म्हंजे टेबल असते, टेबल असलं म्हंजे मानूस असते, जाऊन भेट. कागद आल्याचं यांना कसं कळलं? आता खरं सांगायचं तर इस्माईलभाईंनी स्वतःच किराणावाल्याला, न्हाव्याला आणि मशिदीबाहेर चपला सांभाळणाऱ्याला विचारून ठेवलं होतं, की समजा आपल्या एखाद्या मित्राला विक्रीकराचा कागद आला तर त्या मित्रानं काय करावं. असा मित्र गावात एकच असतो, हे सगळ्यांना ठाऊक. पण संशय एकदा घरात शिरला की आधी अकलेलाच बाहेर काढतो.

त्यात रामराव एक दिवस दुकानात आले आणि म्हणाले, एक कूलर पायजे, पक्कं बिल देजो. पक्कं बिल! मालेगावात बापजन्मी कुणी कूलरचं पक्कं बिल मागितलं नव्हतं. बिलबुक होतं, जीएसटीचा नंबरही होता, पण मागणारा नसल्यामुळे ते बुक नव्या नवरीसारखं कोरं होतं. इस्माईलभाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा सापळा आहे. भरलेल्या दुकानात उभं राहून त्यांनी शांतपणे सांगितलं, की माल नाही. रामरावांनी ओळीनं मांडलेल्या कूलरांकडे पाहिलं, इस्माईलभाईंकडे पाहिलं आणि ते निघून गेले.

सल्ल्यांचा खरा पूर आणला तो मुबश्शिरनं. मुबश्शिर म्हणजे शाहजादीबींचा, इस्माईलभाईंच्या बायकोचा, धाकटा भाऊ. त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं आणि जगातली कुठलीही गोष्ट त्यानं व्हिडिओत पाहिलेली असायची. जप्तीही पाहिलेली होती. तो म्हणाला, भाईजान, जप्ती मालाची होते. दुकानात मालच नसला तं ते काय जप्त करतीन, शटर? माल अमानत म्हनून लोकायच्या घरी ठेवून द्या. सहा महिन्यांनी वापस आना. कूलर तुझ्याकडेच ठेवतो, असं इस्माईलभाई म्हणाले, तेव्हा मात्र मुबश्शिर दोन पावलं मागं सरला. मी घरचा माणूस, पहिली धाड माझ्यावर येईल, असं त्याचं म्हणणं पडलं.

शाहजादीबींनी साफ सांगितलं, की चोरी केली नाही तर चोरासारखं वागता कशाला. पण बायको विरुद्ध बोलते म्हणजे सल्ल्यात काहीतरी दम असणार, असा इस्माईलभाईंचा अनुभव होता.

अमानत कुणाकडे ठेवायची याचीही त्यांनी कसून छाननी केली. ज्यांच्याकडे आपली उधारी आहे ते बाद, कारण ते आधीच टोप्या घालणारे. ज्यांच्याकडे उधारी नाही तेही बाद, कारण इतका व्यवहारी माणूस आज ना उद्या फिरणार. शेवटी पावशेर भरवशाची माणसं निघाली. तांड्यावरचे धरमसिंग आणि त्यांची बायको रुपाबाई, रिठदचे जुने ओळखीचे सोमला, विड्या वळणाऱ्या जमनाबाई, अशा आठ-दहा घरी दोन दोन कूलर जायचं ठरलं. प्रत्येकाला कानात सांगितलं, की केस आहे, कुणाला बोलू नका आणि कूलर वापरू नका. शेजारच्या रामरावांच्या घरी मात्र एकही नाही.

आता इथं इस्माईलभाईंच्या हातून जी चूक झाली, ती कूलर बनवणाऱ्या माणसाच्याच हातून होऊ शकते. लपवायचेच होते तर नुसते पत्र्याचे डबे पाठवायचे, मोटारी आणि पंप काढून घरात ठेवायचे. पण अर्धवट कूलर दुकानाच्या उंबऱ्याबाहेर काढायचा नाही, अशी त्यांच्या अब्बांची शिस्त. त्यांनी प्रत्येक कूलरमध्ये मोटार घट्ट बसवली, पंपाला तेल दिलं, ताजं गवत भरलं, पाणी ओतून चालवून पाहिला, वायरला नवी पिन लावली आणि मग गाडीत चढवला. मुबश्शिरनं कपाळाला हात लावला. मोटारी काहून लावून देल्या, असं त्यानं विचारलं, तर इस्माईलभाई दुखावल्या आवाजात म्हणाले, बिना मोटारीचा कूलर माह्या दुकानातून गेला, असं उद्या कोनी म्हनलं तं?

बाहेर पंचेचाळीस अंश तापमान. घरात तयार कूलर, पिन लावलेला, ताजं गवत भरलेला. आणि वापरू नका, असं सांगणारा मालक पंधरा किलोमीटर दूर.

आठवड्याभरानं इस्माईलभाई मोटारसायकल घेऊन अमानतीची खबरबात घ्यायला निघाले. जमनाबाईंच्या गल्लीत शिरताच कानावर आवाज आला. स्वतःच्या हातच्या प्रत्येक मोटारीची घरघर त्यांना ओळखू येत असे. त्यांनी कान टवकारले. खिडकीत पोतं अडकवलेलं होतं आणि पोत्याआडून पाणी ठिबकत होतं. पुढच्या घरी तीच तऱ्हा. रिठदला तर सोमलांनी दोन्ही कूलर चालू ठेवले होते, एक माणसांसाठी आणि एक बैलांच्या गोठ्यात, आणि वर तक्रार केली, की दुसऱ्याचा पंप जरा आवाज करते, पाहून घेजा.

तांड्यावर पोचेपर्यंत त्यांचा पारा उन्हाच्या वर चढला होता. आज धरमसिंगला सुनवायचंच, असं ठरवून ते आत शिरले. आत थंडगार अंधार. रुपाबाईंची म्हातारी सासू कूलरसमोर गाढ झोपली होती आणि तिच्या पायाशी एक शेळी जाळीतलं गवत खात उभी होती. रुपाबाईंनी पाणी दिलं, बसा म्हणाल्या. इस्माईलभाई बसले. हवेची झुळूक अंगावर आली. गेल्या पंधरा दिवसांत त्यांना धड झोप नव्हती. पुढं काय झालं ते त्यांना आठवत नाही. जागे झाले तेव्हा उन्हं उतरली होती, अंगावर कुणीतरी चादर घातली होती, आणि शेळीनं एक जाळी पूर्ण रिकामी केली होती. ज्याच्या हवेत आपण एवढे झोपलो त्याबद्दल कुणाला बोलायचं कसं? चहा पिऊन ते परतले.

दुकान रिकामं, हंगाम ऐन भरात. गिऱ्हाईक येई आणि माल नाही ऐकून पुढच्या दुकानात जाई. रामराव आणखी दोनदा येऊन गेले. शेवटच्या वेळी त्यांचा आवाज जरा पडलेला होता. लिलाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, उकाड्यानं झोप नाही म्हणाले, बाकी दुकानात बिल देत नाईत, कुठून तरी एक पाह्य, बिलासकट. बिलाचं शेपूट काही सुटत नव्हतं. इस्माईलभाईंनी पुन्हा नकारघंटा वाजवली आणि आत जाऊन दाराच्या फटीतून पाहत राहिले, की हे आता कुणाला फोन करतात का.

शेवटी अर्शियानं हुकूम सोडला. योजनेची मुदत संपत आली आहे, उद्या तुम्ही येता की मी एकटी जाऊ, असं विचारलं. लेक एकटी कचेरीत जाणार म्हटल्यावर बापाचा नाइलाज झाला. दोघं वाशिमच्या बसमध्ये बसले. बस वेळेवर सुटली, याचाही इस्माईलभाईंना संशय आला.

ऑफिसात शिपायानं न मागता पाणी आणून दिलं. पेल्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि तो तसाच ठेवला. समोर तिथल्या अधिकारी निता मॅडम बसल्या होत्या, वयानं अर्शियापेक्षा फार मोठ्या नव्हत्या आणि फार गोड बोलत होत्या. पण खरा घात खिडकीत होता. खिडकीतला कूलर खडखड करत होता आणि हवा गरम फेकत होता. पंपात कचरा अडकलाय, हे इस्माईलभाईंनी दारातूनच ओळखलं. हात शिवशिवले. पण लगेच ध्यानात आलं, की हाही सापळा. कूलरवाल्याला बोलवायचं आणि समोर बिघडलेला कूलर ठेवायचा. दुरुस्त करून दिला तर लाच, नाही दिला तर उद्धटपणा. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले आणि घामानं निथळत बसले.

मॅडमनी मार्ग समजावून सांगितले. आकडा मान्य असेल तर सगळं भरून मोकळं व्हायचं. मान्य नसेल तर अपील करायचं, पण त्याची मुदत बहुतेक गेली आहे, कारण कागद मिळूनही फार दिवस बसून राहिलात. जमत नसेल तर हप्त्यांसाठी अर्ज करायचा. आणि सगळ्यात सोयीचं म्हणजे अभय योजना, थोडा भाग भरायचा, बाकी माफ. अर्शियानं हिशेब केला. भरायचा भाग जेमतेम निम्म्या कूलरांच्या किमतीएवढा होत होता. तिचा चेहरा उजळला, पण इस्माईलभाईंचा नाही.

“आन् पाचवा?” त्यांनी आवाज उतरवून विचारलं.

“पाचवा कुठला, काका?”

“जो तुमी सांगत नाई.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “पाचवा म्हणजे काहीच न करणं. तो तर तुम्ही इतके दिवस करतच आहात.” मग त्यांनी सहज विचारलं, की भरायला पैसे उभे राहतील ना, दुकानात माल किती आहे? सवयीनं इस्माईलभाईंच्या तोंडून गेलं, की काहीच नाही. ऐन मे महिन्यात कूलरच्या दुकानात माल नाही? धंदा बंद केला का, असं मॅडमनी काळजीनं विचारलं. अर्शियानं डोळे मिटून घेतले. सरकारला फसवायला निघालेल्या इस्माईलभाईंना पहिल्यांदाच जाणवलं, की आपण सरकारपुढे दिवाळखोर ठरलो आहोत.

परतीच्या बसमध्ये त्यांनी ठरवलं, घरोघर जाऊन कूलर परत आणायचे आणि वापरलेले म्हणून मिळेल त्या भावाला काढायचे. पण त्याची गरज पडली नाही. बस स्टँडवर उतरून वळणावर आले, तर दुकानासमोर रस्त्याच्या कडेनं कूलरांची रांग लागलेली. ओले, चेपलेले, एकावर देवाचं स्टिकर, एकाची जाळी शेळीनं रिकामी केलेली. आणि रांगेपुढे काठी घेऊन खुर्चीत रामराव.

जप्ती झाली. घराघरातून शोधून काढून जप्ती झाली, आणि पंच कोण, तर हाच माणूस. इतक्या दिवसांचं सगळं इस्माईलभाईंच्या तोंडाला आलं.

“झालं मनासारखं, रामरावभाऊ? पंच म्हनून सही बी केली असन. बिल मागाले येत होते, तवाच ओळखलं होतं म्या. शेजारी म्हनून बसले अन् चुगली करून राह्यले.”

रस्त्यावरची माणसं थांबली. रामराव सावकाश उठले.

“कायची सही? सकाळी एक पांढरी जीप फिरली गावोगाव, पीक पाहणीची. लोकायले वाटलं जप्तीवाले आले. तूच सांगून ठेवलं होतं न केस आहे म्हून. ज्यानं त्यानं आपल्या घरचा कूलर इथं आनून टाकला अन् पयाला. कोनी तरी बसाले पायजे होतं का नाई?”

शाहजादीबी दारातूनच म्हणाल्या, की दुपारपासून उन्हात बसले आहेत, पाणी दिलं तर तेही घेतलं नाही, म्हणाले इस्माईलचा माल मोजून त्याच्या हाती देतो, मग पाणी पितो. इस्माईलभाईंना वाटलं, जमीन दुभंगावी. या माणसाच्या दारात कूलरचा दुष्काळ आणि त्यानं आपल्या कूलरांवर पहारा केला.

“भाऊ, चुकलं माहं. यातला जो आवडन तो घेऊन जा. पैसे नका देऊ.”

इतका वेळ शांत असलेले रामराव आता मात्र भडकले. “फुकट देशीन तं तुह्याच दारात आनून फोडीन. पुरी किंमत सांग अन् बिल दे. पक्कं. किती खेपा सांगू?”

अर्शियानं बिलबुक आणलं. इस्माईलभाईंनी कोऱ्या पानावर पहिलं बिल फाडलं, तिनं कर जोडून बेरीज घातली. रामरावांनी पैसे मोजून दिले, बिल दोनदा वाचलं आणि घडी न घालता तसंच हातात धरून नेलं.

हे सगळं रुपाबाई बाजूला उभ्या राहून पाहत होत्या. त्यांचा दुसरा कूलर नुकताच उतरवून झाला होता.

“भाऊ, बिल असलं म्हंजे घरी कोनी येत नाई न उचलाले?”

अर्शिया म्हणाली, की येत नाही मावशी, बिल असलं की वस्तू तुमची.

रुपाबाई नवऱ्याकडे वळल्या. “मंग वापस कायले आनला? बुढी तिकडं हवा हवा करून राह्यली. उचल.”

पंधरा-वीस दिवस थंड हवेत झोपलेल्या माणसाला पुन्हा विजेच्या पंख्याखाली झोपवता येत नाही, हे इस्माईलभाईंना इतकी वर्षं धंदा करून कळलं नव्हतं. सकाळी भीतीनं कूलर टाकून गेलेले लोक संध्याकाळी एकेक करून परत आले. वापरलेले म्हणून भाव कमी करून मागितला, पण बिल मात्र प्रत्येकाला पाहिजे होतं, पक्कं, आपल्या पुऱ्या नावाचं. सोमलांनी गोठ्यातल्या कूलरचं बिल बैलाच्या नावानं मिळतं का, विचारून पाहिलं. रांग संपली तेव्हा योजनेपुरते पैसे जमले होते आणि थोडे उरतही होते. मुबश्शिर येऊन म्हणाला, पाहा भाईजान, माझी आयडिया कामी आली. त्याला शाहजादीबींनी चहा दिला नाही.

दोन दिवसांत वाशिमला पैसे भरून झाले. पावतीवरचा शिक्का अर्धा कागदाबाहेर होता, ते पाहून इस्माईलभाईंचा जीव भांड्यात पडला. तिथून ते घरी न जाता सरळ रामरावांच्या दारात गेले. चारचौघांत चुगलखोर म्हटलं होतं, माफीही नीट मागायला हवी होती.

रामराव कूलरसमोर घोरत पडले होते. कूलरच्या वर भिंतीला, देवाच्या फोटोशेजारी, बिल चौकटीत घालून टांगलेलं होतं. लिलाबाईंनी खुणेनंच बसायला सांगितलं. इस्माईलभाई हळू आवाजात म्हणाले, की वहिनी, एवढं काय त्या बिलात, मी तर फुकट देत होतो.

लिलाबाईंनी घरभर एकदा नजर फिरवली.

“हा सोफा यायच्या तलाठीपनातला, एकाच्या फेरफारचा आहे,” त्या म्हणाल्या. “फ्रिज दोन भावायच्या वाटनीचा. हा पंखा एका बिचारीच्या वारस नोंदीचा. कशाले बी हात लावला की कोनाचं तरी तोंड समोर येते. यायले बी दिसत असन, सांगत नाई. इस्माईलभाऊ, या घरात आलेली ही पयली चीज आहे, जिच्याकडं पाह्यलं तं कोनाचं तोंड दिसत नाई.”